लाइनची वही ठेव

चि. सागर,


तुझा मेसेज वाचला. ‘आत्या, नेट चालू आहे, पण चालत नाही. कंपनीवाले म्हणतात लाइन ओके आहे. काय करू?’ एवढंच लिहिलं होतंस. याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आणि उघड लिहिते आहे, कारण भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा आणि जालना या आठही तालुक्यांत तुझ्यासारखी सेवा केंद्रं चालवणारी मुलं-मुली आहेत आणि ‘आमच्याकडून लाइन ओके दाखवतंय’ हे वाक्य त्यांनाही ऐकून पाठ झालंय.

तुझ्या केंद्रात कोण येतं ते मला माहीत आहे. कुणाला डिजिटल सातबारा हवा असतो, कुणाला पोराच्या कॉलेजसाठी उत्पन्नाचा दाखला. जुलैमध्ये पीकविम्याची रांग लागते. यातलं प्रत्येक माणूस कामाचा खाडा करून आलेलं असतं. पडद्यावरचं गोल फिरत राहिलं, ओटीपी टाकेपर्यंत त्याची मुदत संपली, अंगठा लावला आणि उत्तरच आलं नाही, की तू म्हणतोस, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ तुझा इलाज नसतो हे मला कळतं. पण रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या बाईचा उद्याचा रोजही बुडतो. तिला ‘उद्या या’ म्हणण्याआधी अडचण कुठे आहे हे तुला ठाऊक असायला हवं, आणि ते ठाऊक करून घेणं तुझ्या हातात आहे. हे पत्र त्यासाठीच आहे.

आधी एक गोष्ट पक्की कर. स्पीड वेगळा आणि लेटन्सी वेगळी. स्पीड म्हणजे एका सेकंदात किती माल येतो. लेटन्सी म्हणजे तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला किती वेळ लागतो. तू स्पीड टेस्ट लावतोस, शंभर एमबीपीएस दिसतात आणि तुला वाटतं की लाइन चांगली आहे. कंपनीचा माणूसही तेवढंच बघून जातो. पण सरकारी पोर्टलचा फॉर्म म्हणजे मोठा सिनेमा उतरवून घेणं नव्हे. तिथे तुझा कॉम्प्युटर आणि पलीकडचा सर्व्हर यांच्यात सारखे लहान लहान सवालजवाब चालतात. आधी पत्ता शोधायचा, मग जोडणी करायची, मग कुलूपकिल्ली ठरवायची, आणि त्यानंतर पान मागायचं. पान आलं की त्यातले तालुके, गावं, गट नंबर एकामागून एक मागायचे. आधीचं उत्तर आल्याशिवाय बरेचदा पुढचा प्रश्नच विचारता येत नाही.

आता हिशेब कर. समज, एका पानासाठी अशा तीस फेऱ्या एकापाठोपाठ होतात. एका फेरीला २२ मिलिसेकंद लागत असतील, तर पान पाऊण सेकंदाच्या आत उघडतं. तीच फेरी १२० मिलिसेकंदांची झाली, तर त्याच पानाला साडेतीन सेकंदांहून जास्त लागतात. एका अर्जात अशी बारा पानं धर. आधी आठ सेकंद जायचे, आता त्रेचाळीस जातात. अर्जामागे पस्तीस सेकंद वाढले. शंभर अर्जांमागे जवळजवळ एक तास गेला. स्पीड टेस्टचा आकडा मात्र होता तिथेच राहू शकतो. ‘नेट चालू आहे, पण चालत नाही’ या तुझ्या वाक्याचा अर्थ हा आहे. तू बरोबर लिहिलं होतंस. फक्त ते आकड्यांत मांडलं नव्हतंस.

ही फेरी मोजायचं साधन तुझ्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासून आहे. त्याचं नाव पिंग. अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिलं, तेही नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून, त्याचं कारण शोधायला. एक छोटा निरोप पाठवायचा, पलीकडून तसाच निरोप परत येतो, आणि मध्ये गेलेला वेळ मोजायचा. चाळीस वर्षांनंतरही नेटवर्कची नाडी याच साधनाने बघतात.

या वेळेला एक तळ असतो, त्याच्या खाली तो जाऊच शकत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जालन्याहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर. जाऊन-येऊन ८०० झाले, म्हणजे चार मिलिसेकंद. फायबर सरळ रेषेत जात नाही, मध्ये यंत्रं लागतात, तुझ्या गावापासून जालन्यापर्यंतचा शेवटचा टप्पा असतो, म्हणून प्रत्यक्षात वीस-बावीस दिसले तर ते ठीक. हा जो ठीक दिवसाचा आकडा आहे, तो तुला तोंडपाठ असला पाहिजे. इथेच बहुतेक जण कमी पडतात. लाइन बिघडली की मोजायला बसतात. पण चांगल्या दिवसाची नोंदच नसेल, तर वाईट दिवसाचा आकडा कशाशी ताडणार?

आपल्या भागात ही पद्धत कुणाला नवी नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि पावसाळ्यानंतरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडते. एखाद्या दिवशी मोटर चालवली म्हणून विहीर खाली गेली, तर त्याला कुणी टंचाई म्हणत नाही. पण पाच वर्षांच्या मानाने पातळी खाली गेली आणि खालीच राहिली, तर पुढच्या उन्हाळ्यात टँकर कुठे लागेल याचा अंदाज त्यावरून बांधला जातो. २०१२-१३ चा दुष्काळ जालना जिल्ह्याने सोसला आहे, दादांना विचार. पाणी आज किती आहे यापेक्षा ते नेहमीच्या मानाने कुठे आहे आणि तिथे किती दिवस टिकून आहे, हा प्रश्न मोठा असतो. लाइनलाही हेच दोन प्रश्न विचारायचे.

आता पिंग लावून बघ. आकडे असे येतील: २२, २३, २२, २१, १८७, २२, २३. त्या १८७ ने घाबरू नकोस. वाय-फायवर शेजारच्या मोबाइलने काही ओढलं असेल, मधल्या एखाद्या राउटरने दुसरं महत्त्वाचं काम आधी केलं असेल. एकट्या उंच आकड्याला काही अर्थ नसतो. पण समजा दुसऱ्या दिवशी ३०, ३१, ३०, २९, ३०, ३१ असे दिसले, तर? एकही आकडा भीतीदायक नाही, कुणाचं लक्षही जाणार नाही. तरी लाइनमध्ये काहीतरी बदललं आहे, कारण पातळी सरकली आणि सरकलेलीच राहिली. १८७ वर आरडाओरडा करणारा आणि ३० कडे दुर्लक्ष करणारा माणूस दोन्हीकडून फसतो. नेटवर्क बघण्याचं माझं सगळं काम म्हणजे या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणं, आणि तेच तू शिकावंस असं मला वाटतं.

त्यासाठी चार जागांची नोंद ठेव. पहिली जागा तुझा स्वतःचा राउटर. कॉम्प्युटर वायरने जोड, वाय-फायवर मोजू नकोस, नाहीतर घरातलाच गोंधळ कंपनीच्या माथी मारशील. दुसरी जागा म्हणजे राउटरच्या पुढचं कंपनीचं पहिलं यंत्र. कॉम्प्युटरमधली ट्रेसरूट ही आज्ञा लावलीस की त्याचा पत्ता दिसतो. तिसरी, मुंबईतलं असं एखादं ठिकाण जे पिंगला नेहमी उत्तर देतं. चौथी, ज्या पोर्टलवर तुझं काम चालतं ते पोर्टल. बरेच सरकारी सर्व्हर पिंगला उत्तर देत नाहीत. तिथे लॉगिनचं पान उघडायला किती सेकंद लागले तेवढंच लिहून ठेव. एक सावधगिरी बाळग. बरेच जण गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग लावतात. तो पत्ता एकाच जागी नाही, जगात अनेक ठिकाणांहून त्याला उत्तर मिळतं. आज मुंबईतून मिळालं, उद्या दुसऱ्या शहरातून मिळालं, तर तुझ्या लाइनमध्ये काहीही न बिघडता आकडा सरकतो. म्हणून त्या एकाच पत्त्यावर भिस्त ठेवू नकोस.

दर पाच मिनिटांनी नऊ पिंग पाठव. विंडोजच्या टास्क शेड्युलरला सांगितलंस की ते आपोआप होतं. लिनक्स जमत असेल तर टोबी ओटिकर यांनी लिहिलेलं स्मोकपिंग हे मोफत साधन आलेखासकट सगळं करून देतं. त्या नऊ आकड्यांतून दोनच आकडे वहीत घ्यायचे. एक, सगळ्यांत लहान. दुसरा, दहावीच्या गणितातला मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर पाचवा. सरासरी घेऊ नकोस. नऊपैकी आठ आकडे २२ आणि एक १८७ असेल, तर सरासरी चाळिसावर जाते आणि मध्यक २२ च राहतो. एकट्या उंच आकड्याने फसायचं नाही, ही पहिली चाळणी इथेच लागली.

चार आठवडे अशी नोंद झाली की तुझ्या लाइनचं नेहमीचं मान निघेल. ते प्रत्येक तासाचं वेगळं काढ. सकाळी सहाला २१ आणि रात्री नऊला २६ असणं नेहमीचंच असू शकतं. रात्री नऊचा आकडा रात्री नऊच्याच मानाशी ताडायचा, पहाटेच्या नव्हे.

मग येते दुसरी चाळणी. ती मला या सगळ्या शास्त्रातली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते, आणि ती तू एक्सेलच्या एका रकान्यात करू शकतोस. इंग्लंडचे ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ती मांडली. कारखान्यातल्या मालाचा दर्जा घसरायला लागला, हे लवकरात लवकर कसं ओळखायचं, हा त्यांचा प्रश्न होता. त्याआधी १९२४ मध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या उद्योगासाठी नियंत्रण-आलेख काढला होता. एखादा आकडा रेषेबाहेर गेला की तपासा, ही त्यांची रीत. मोठा बिघाड तिच्यात लगेच पकडला जातो. पण बारीक आणि टिकून राहणारा बदल रेषेच्या आतच राहतो आणि निसटतो. पेज म्हणाले, प्रत्येक नोंदीचं जास्तीचं माप साठवत चला.

करायचं ते असं. समज, तुझं मान २२ आहे. तीन मिलिसेकंदांची सूट दे, म्हणजे २५ पर्यंत काही म्हणायचं नाही. दर पाच मिनिटांच्या मध्यकातून २५ वजा कर आणि उरलेलं आधीच्या साठ्यात मिळव. बेरीज शून्याच्या खाली गेली तर शून्य लिही. एका नोंदीला दहापेक्षा जास्त गुण द्यायचे नाहीत, मग ती कितीही उंच असो. साठा ४० ला पोचला की समजायचं, पातळी खरोखर सरकली.

आता बघ काय होतं. मध्यक २२ असताना दर वेळी उणे तीन येतात, साठा शून्यावरच राहतो. एखादा मध्यक २०० झाला, तरी दहाच गुण मिळतात. पुढच्या चार नोंदी नेहमीसारख्या आल्या की साठा पुन्हा शून्य. पण मध्यक ३० वर जाऊन बसला, तर दर पाच मिनिटांनी पाच गुण साठतात आणि आठव्या नोंदीला, म्हणजे चाळीस मिनिटांत, इशारा मिळतो. आकडा एकदम १२० वर गेला आणि तिथेच राहिला, तर वीस मिनिटांत. फक्त २७ वर गेला, तर दोन-दोन गुण साठत एक तास चाळीस मिनिटांनी. बिघाड मोठा असेल तर लवकर कळतो, बारीक असेल तर उशिरा कळतो, पण कळतो. लाइन दुरुस्त झाल्यावर किंवा नवा मार्ग कायमचा झाल्यावर मान नव्याने काढ, आणि तारीख लिहून ठेव.

ते ४० चे ३० करावेत की ६० करावेत, हे तू ठरवायचं. उंबरठा खाली आणलास तर इशारा लवकर मिळेल, पण खोटे इशारे वाढतील. वर नेलास तर खोटे इशारे थांबतील, पण खरा बिघाड उशिरा कळेल. दोन्ही एकदम मिळत नाही. तुझं काम कसं आहे त्यावर हे ठरतं. एरवी साठ चालेल. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तीसवर आण, कारण त्या दिवसांत तासाभराला फार किंमत असते.

इशारा मिळाला की आलेखाचा आकार बघायचा. बिघाडाचं कारण त्या आकारातून कळतं.

सगळ्यांत लहान आकडाही वर सरकला असेल आणि दिवसरात्र तिथेच राहिला असेल, तर मार्ग बदलला आहे. आपल्याकडे रस्त्याचं काम निघालं की जेसीबीच्या दातात फायबर येतं. अशा वेळी मोठ्या कंपन्यांची वाहतूक दुसऱ्या बाजूने वळते. छत्रपती संभाजीनगरकडून मुंबईला जाणारा निरोप नांदेड, हैदराबाद असा फिरून मुंबईला गेला, तर वाट ४०० किलोमीटरची साडेअकराशे-बाराशे किलोमीटरची होते. नुसत्या अंतरानेच आठ मिलिसेकंद वाढतात. वर सांगितलेला २२ चा ३० असा होतो. नेट बंद पडलं नाही, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण पर्यायी मार्ग वापरात आला याचा अर्थ मूळ मार्ग तुटलेला आहे, आणि आता हाही तुटला तर मागे काही उरलेलं नाही. बदल ओळखला तर तुला हे आधी कळतं.

हेच जगाच्या पातळीवरही घडतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या. भारतासह अनेक देशांचं इंटरनेट मंदावलं. मायक्रोसॉफ्टने आपल्या ग्राहकांना कळवलं की मध्यपूर्वेतून जाणाऱ्या वाहतुकीला उशीर वाढलेला दिसेल, कारण ती दुसऱ्या मार्गांनी वळवली आहे. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या, तेव्हाही आपल्याला मोठा फटका बसला होता.

दुसरा आकार. सगळ्यांत लहान आकडा जिथल्या तिथे, पण रोज रात्री आठ ते अकरा मध्यक फुगतो आणि पहाटे खाली येतो. ही गर्दी आहे. कुठल्यातरी दुव्यावर क्षमतेपेक्षा जास्त गिऱ्हाईक जोडलेलं आहे आणि तुझे निरोप तिथे रांगेत उभे राहतात. तो दुवा कोणता हे शोधायची रीत साधी आहे. अमेरिकेतल्या केडा या संशोधन केंद्रातल्या मंडळींनी २०१४ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांमधल्या जोडण्या अशाच तपासल्या. दुव्याच्या अलीकडच्या टोकाला आणि पलीकडच्या टोकाला सारखं मोजत राहायचं. अलीकडचा आकडा शांत आणि पलीकडचा रोज त्याच वेळी फुगलेला, तर रांग त्या दुव्यावर आहे. तुझ्या चार जागा याचसाठी आहेत. राउटर ठीक, कंपनीचं पहिलं यंत्र ठीक, मुंबई फुगलेली, म्हणजे अडचण कंपनीच्या पुढच्या दुव्यावर. पहिलंच यंत्र फुगलेलं, तर तुझ्या गावच्या किंवा तालुक्याच्या जोडणीवर. मधल्या एखाद्याच यंत्राचा आकडा मोठा दिसला आणि त्याच्या पुढचे सगळे ठीक असले, तर ते सोडून दे. राउटर स्वतःच्या पिंगला निवांत उत्तर देतात, पण पुढे जाणारा माल ते अडवत नाहीत.

तिसरा आकार वायरलेस जोडणीत दिसतो. आकडा आठवड्यागणिक हळूहळू चढतो आणि मध्ये मध्ये निरोप हरवतात. अँटेना हलली असेल, समोर झाड वाढलं असेल, त्याच टॉवरवर नवे ग्राहक चढले असतील. हे एका दिवसात कुणाच्याच डोळ्यांत भरत नाही, महिन्याच्या नोंदीत मात्र स्पष्ट दिसतं.

चौथा प्रकार तुझ्या रांगेतल्या लोकांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा. राउटर, कंपनी, मुंबई, तिन्ही आकडे ठीक आहेत आणि तरी पोर्टलचं पान चाळीस सेकंद घेतंय. मग लाइनचा दोष नाही, सर्व्हरवर ताण आहे. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा सुरू झाला, तेव्हा अर्जांची एवढी गर्दी उसळली की ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. अशा दिवशी लाइनमनला बोलावून उपयोग नाही, दुसरं नेट लावूनही नाही. त्या दिवशी लोकांना खरं सांग: दुपारची गर्दी ओसरू द्या, पहाटे किंवा रात्री उशिरा बघू, तुमची कागदपत्रं माझ्याकडे तयार ठेवतो. आणि दोष लाइनचा असेल, तर त्या लोकांना शेजारच्या गावातल्या वेगळ्या कंपनीच्या केंद्राचा पत्ता दे. ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांखाली हे दोन वेगळे आजार लपतात आणि दोघांवर उपाय वेगळा आहे. माणसाचा रोज वाचवायचा असेल तर कोणता आजार आहे हे आधी कळायला हवं.

बदल वेळेवर ओळखला नाही तर काय होतं, याचा दाखला इंटरनेटच्या इतिहासात आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधली जोडणी कोलमडली. दोन्ही जागांत अंतर चारशे यार्डांचं. सेकंदाला ३२ हजार बिट जायचे, ते ४० वर आले. गर्दीमुळे उत्तरं उशिरा येत होती, आणि निरोप हरवला असं समजून यंत्रं तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत होती. त्यामुळे गर्दी आणखी वाढत गेली. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या लेखात यावर उपाय मांडला. त्यातला एक भाग असा की प्रत्येक यंत्राने फेरीच्या वेळेचं चालू मान ठेवावं, नव्या मोजणीला त्यात एक अष्टमांशच वजन द्यावं, आणि वेळ किती खालीवर होतो याचाही हिशेब ठेवावा. म्हणजे एका नोंदीने बिथरायचं नाही, पण टिकून राहिलेल्या बदलाला ओळखून स्वतःची चाल बदलायची. तुझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर आज या क्षणीही हे करतो आहे. फक्त त्याची नोंद तो कुणाला दाखवत नाही. ती दाखवण्याचं काम तुझं.

आता तक्रारीचं बोलू. ‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार करू नकोस. तिला ‘राउटर बंद करून चालू करा’ हेच उत्तर येतं. असं लिही: ‘अमुक तारखेपर्यंत रात्री नऊचा आमचा मध्यक २६ होता. अमुक तारखेपासून तो रोज आठ ते अकरा या वेळेत ९० च्या वर आहे. पहाटे २१ येतो. आमच्या राउटरपर्यंत एक मिलिसेकंद. तुमच्या पहिल्या यंत्रापासून वाढ दिसते. दोन आठवड्यांचा आलेख सोबत जोडला आहे.’ डॉकेट नंबर घे आणि वहीत लिही. पहिल्या पातळीवर दाद लागली नाही, तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. ती सोय प्रत्येक कंपनीला ठेवावीच लागते.

तिथे एक उत्तर हमखास येईल: ‘आकडा नियमात बसतो.’ दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने २००६ मध्ये ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले, त्यात कंपनीच्या गेटवेपासून देशातल्या अदलाबदल केंद्रापर्यंत १२० मिलिसेकंदांच्या आत, अशी मर्यादा होती. २०२४ मध्ये नवे विनियम आले. मर्यादा असावीच, पण ती सगळ्या देशासाठी असते. तुझी लाइन २२ वरून ९० वर गेली, तरी जुन्या मर्यादेत ती बसली असती, आणि तुझं काम मात्र चौपट रखडलं असतं. म्हणून नियमाच्या जोडीला स्वतःच्या लाइनचं मान हातात हवं. ‘नियमात आहे’ याला तुझं उत्तर असं असेल: ‘असेल, पण या तारखेला बदललं आहे. त्या दिवशी तुमच्याकडे काय झालं ते सांगा.’ या प्रश्नाला टाळाटाळ करणं अवघड जातं, कारण तारीख आणि तास समोर असला की कंपनीतल्या प्रामाणिक इंजिनिअरलाही आपल्या नोंदी उघडून बघता येतात. मी स्वतः त्या बाजूच्या कामात आहे, म्हणून खात्रीने सांगते: तारीख-वेळेसकट आलेली एक तक्रार शंभर नुसत्या तक्रारींपेक्षा जास्त कामाची असते. आमच्या पडद्यावर यंत्र चालू की बंद एवढं हिरव्या-लाल दिव्यांत दिसतं. गावातल्या शेवटच्या टेबलावर फेरीला किती वेळ लागतो हे तिथून पुष्कळदा दिसतच नाही. ते फक्त तुझ्या जागेवरून दिसतं.

नोंदीने लाइन दुरुस्त होत नाही, हेही सांगते. फायबर जोडायला माणूसच यावा लागतो, गर्दीच्या दुव्याची क्षमता वाढवायला पैसे घालावे लागतात, आणि हे दोन्ही तुझ्या हातात नाही. पण नोंद असली की दोष कुणाचा यावरचा वाद संपतो, आणि दुरुस्ती कधी करणार एवढाच प्रश्न उरतो. भारतनेटच्या मूळ योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचं काम तेव्हा ठरलं. फायबर गावापर्यंत पोचवणं हे एका दिवसाचं काम. ते रोज, त्याच वेगाने उत्तर देतंय का, हे बघणं कायमचं काम आहे, आणि ते मुंबईत किंवा दिल्लीत बसून होणार नाही.

म्हणून तुला आणि तुझ्यासारख्या सगळ्यांना माझी विनंती आहे. हंगाम सुरू व्हायच्या आत, लाइन चांगली चालत असतानाच, वही सुरू करा. एका तालुक्यातल्या चार-पाच केंद्रांनी मिळून सारख्याच पद्धतीने नोंदी ठेवा आणि दर सोमवारी एकमेकांना दाखवा. एकाच केंद्राचा आकडा सरकला, तर दोष त्या जोडणीचा. एकाच कंपनीच्या पाचही केंद्रांचा एकाच तासाला सरकला, तर दोष वरचा, आणि मग पाच जणांनी मिळून एकच तक्रार करा. पाच गावांच्या सह्या असलेला, तारीख-वेळ घातलेला एक कागद घेऊन गेलात, तर ‘लाइन ओके आहे’ एवढं सांगून तुम्हाला कुणी परत पाठवू शकणार नाही.

दादा-वहिनींना नमस्कार सांग. पहिल्या आठवड्याच्या नोंदी झाल्या की मला पाठव, मान आपण मिळून काढू.

तुझी,
आत्या